आपण अलिप्त!

हॉस्टेलमध्ये राहायचं तर कुठल्या तरी ग्रुपमध्ये असावंच लागतं. मी सेकंड इयरला असताना मेसच्या कॉन्ट्रॅक्टवरून आमच्या हॉस्टेलची सरळ फाळणी झाली. एका गटाला जुना कॉन्ट्रॅक्टर हवा होता, दुसऱ्याला नवा. रात्री अकरानंतर दोन्हीकडचे दूत रूमवर यायचे. एक चहा पाजायचा, दुसरा सबमिशनच्या फाइल्स आणून द्यायचा. मी दोन्ही घ्यायचो आणि ऐटीत सांगायचो, "आपण अलिप्त राष्ट्र!" शाळेतला इतिहास असा कामी आला, याचं मला भारी कौतुक होतं.

त्याच दिवसांत एका मुलाचं घड्याळ गेलं. आळ आला मेसमध्ये वाढणाऱ्या, आमच्याच वयाच्या मुलावर. एका गटाला जुन्या कॉन्ट्रॅक्टरविरुद्ध आयतं कोलीत मिळालं. दुसऱ्या गटाने प्रकरण वाढायला नको म्हणून त्याला वाऱ्यावर सोडलं. घड्याळ ज्या वेळी गेलं असं सगळे म्हणत होते, त्या वेळी तो माझ्या रूमवर होता. मी तापाने फणफणत होतो आणि तो खिचडी घेऊन आला होता. दोन वाक्यं बोलायची होती फक्त. पण बोललो असतो तर मी एका गटाचा ठरलो असतो. मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढून टाकलं.

पुढे गॅदरिंगच्या वक्तृत्व स्पर्धेत विषय निघाला 'अलिप्ततावाद'. हा तर आपलाच प्रांत, म्हणून नाव दिलं. लायब्ररीत वाचायला बसलो आणि चांगलाच आपटलो.

आपल्या मेकॅनिकलवाल्यांना अलाइनमेंट म्हटलं की लेथचे हेडस्टॉक-टेलस्टॉक आठवतात. ते एका रेषेत नसले तर जॉब टेपर निघतो. इथे मात्र काही देशांनी ठरवून कुणाच्याच रेषेत उभं राहायचं नाकारलं होतं. एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियातल्या बांडुंगला आशिया-आफ्रिकेतले २९ देश जमले. त्यातले बरेचसे नुकतेच स्वतंत्र झालेले. सगळे एकाच विचाराचे होते असंही नाही. अमेरिकेशी लष्करी करार केलेला पाकिस्तान तिथे होता आणि कम्युनिस्ट चीनही होता. पण आपल्याबद्दलचे निर्णय लंडन-पॅरिसमध्ये नाही तर आपण घ्यायचे, यावर एकमत होतं.

याची परीक्षा लगेच पुढच्या वर्षी झाली. इजिप्तला नाईल नदीवर आस्वानचं मोठं धरण बांधायचं होतं. १९ जुलै १९५६ ला अमेरिकेने मदतीचा शब्द मागे घेतला, पाठोपाठ ब्रिटननेही. २६ जुलैला नासर यांनी अलेक्झांड्रियाच्या सभेत सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. भाषणात कालवा बांधणाऱ्या लेसेप्सचं नाव येणं हाच त्यांच्या माणसांना इशारा होता. ते ऐकताच त्यांनी कंपनीच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. कालव्यातून जहाजं नेणारे बहुतेक पायलट युरोपीय होते. सप्टेंबरमध्ये ते काम सोडून गेले. यांना कालवा चालवता येणार नाही, असं अनेकांना वाटत होतं. पण इजिप्तच्या पायलटांनी आणि बाहेरून आलेल्या काहींनी जास्तीच्या पाळ्या करून जहाजं पार केली. इंजिनिअरिंगच्या पोरांनी छाती फुगवावी अशी ही गोष्ट आहे!

ऑक्टोबरअखेर इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी इजिप्तवर हल्ला केला. तेव्हा भारताने "आम्ही अलिप्त" म्हणून हात झटकले नाहीत. नेहरूंनी स्पष्ट शब्दांत निषेध केला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपले जवानही गेले. नंतर धरण सोव्हिएत मदतीने उभं राहिलं, पण म्हणून नासर मॉस्कोच्या मुठीत गेले नाहीत. १९५९ मध्ये त्यांनी आपल्याच देशातल्या कम्युनिस्टांना तुरुंगात टाकलं होतं. म्हणजे मदत दोन्हीकडून घेणं वाईट नव्हतंच. चहाही चालतो, फाइल्सही चालतात. प्रश्न असतो तो अन्याय समोर आला की तोंड उघडतं का, हा.

इथपर्यंत वाचून मला स्वतःची लाज वाटली होती. पण पुढचं पान अजून अवघड निघालं. त्याच नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाडे हंगेरीत, बुडापेस्टमध्ये घुसले. सुएझवर कडाडलेला आपला आवाज इथे खाली आला. संयुक्त राष्ट्रांतल्या निषेधाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्याव्यात, या ठरावाच्या तर विरोधातच मत दिलं. कारणं होती. सोव्हिएत संघाशी मैत्री होती, काश्मीरचा प्रश्न होता. कारणं माझ्याकडेही होती की!

आणि १९६२ मध्ये चीनने आपल्यावर हल्ला केला, तेव्हा पाळी आपली होती. डिसेंबरमध्ये कोलंबोला सहा अलिप्त देश जमले. त्यात आपला मित्र इजिप्तही होता. त्यांनी समेटाचे प्रस्ताव मांडले, पण चीनला आक्रमक म्हटलं नाही. मध्यस्थी करायची तर बोट दाखवून चालत नाही, हे डोक्याला पटतं. पण ज्याच्यावर आळ आलाय किंवा हल्ला झालाय, त्याला त्या वेळी मध्यस्थ नको असतो. "मी बघितलंय" म्हणणारा एक माणूस हवा असतो.

म्हणून अलिप्ततावाद खोटा होता असं मी म्हणणार नाही. कुठल्याच गटाचं नसण्याचा फायदा एवढाच, की प्रत्येक वेळी खरं बोलायची मोकळीक राहते. ती वापरलीच नाही तर उरतं ते नुसतं अंग चोरणं. मी तेच करत होतो आणि वर त्याला राष्ट्राचं नाव देत होतो.

स्पर्धेत माझा नंबर आला नाही. सुएझचं वर्णन करण्यात इतका रंगलो, की हंगेरीपर्यंत पोचायच्या आतच वेळ संपल्याची बेल वाजली. मेसमधल्या त्या मुलाबद्दल तर बोलायचं धाडस तेव्हाही झालं नव्हतं. तो पुन्हा कधी दिसला नाही. राहिलेलं भाषण म्हणून हे इथे लिहिलंय.