पेक्षा

दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या नातीला इंग्रजी विशेषणांच्या तीन पायऱ्या शिकवण्याचे काम माझ्याकडे आले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर माझे इंग्रजी पोसलेले! मोठ्या ऐटीत मी तिला पनवेलच्या आमच्या घराच्या गच्चीवर नेले. दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका, पूर्वेला प्रबळगड. म्हटले, "हे बघ, कर्नाळा हाय, प्रबळगड हायर, आणि १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई महाराष्ट्रात हायेस्ट!"

"आणि मराठीत हो, आजोबा?"

मी अडखळलो. संस्कृतातले 'तर' आणि 'तम' आपण बहुधा पुस्तकी भाषेत नाहीतर गणितातल्या लघुतम-महत्तमात ठेवून दिले. 'श्रेष्ठ' हा शब्द मुळातच शेवटच्या पायरीवरचा. पण आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणून त्याच्याही डोक्यावर चढतो. एरवी मराठी विशेषण पायरी सोडत नाही. कर्नाळा उंच, प्रबळगडही उंचच. फरक दाखवायचा तर दुसऱ्याच्या नावाला 'पेक्षा' जोडायचे. हे 'पेक्षा' म्हणजे संस्कृत 'अपेक्षा'. 'अ' तेवढा गळून पडला. ओझे मात्र राहिले.

ते ओझे मी लहानपणी वाहिले आहे. दादा वर्गात नेहमी पहिला. माझे प्रगतिपुस्तक पाहून वडील एवढेच म्हणत, "दादापेक्षा कमी." त्या वाक्यात माझे नावसुद्धा नसे. पुढे दादा गेला. त्याची ट्रंक उघडली तेव्हा तळाशी मी शाळेत असताना काढून टाकून दिलेली चित्रे निघाली, नीट घड्या घालून ठेवलेली. एकाच्या मागे त्याच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, 'हे मला जमत नाही.' मीही कुणाच्या तरी मनातले 'पेक्षा' होतो, हे कळायला मला साठी उलटावी लागली. तेव्हा सांगायलाही तो नव्हता, आणि ऐकायलाही.

संध्याकाळी नात आपण केलेला आकाशकंदील घेऊन आली. एक बाजू जरा वाकडी, खळ अजून ओली. "आजोबा, ताईच्या कंदिलापेक्षा चांगला झालाय ना?"

"चांगला झालाय," मी म्हणालो.

पुढच्या शब्दाची वाट पाहत ती क्षणभर थांबली. मग तशीच हसली आणि दिवा लावायला ताईकडे पळाली.