मुहम्मद अलींच्या गावी

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे मुलाकडे अमेरिकेत, सिनसिनाटीला गेलो होतो. नातवाचे नाव मुहम्मद. अकीक्याच्या दिवशी सर्वांनी मोठ्या हौसेने ठेवलेले. पण शाळेत मुलांना ते जड जाते म्हणून तिथे तो ‘मो’ झाला आहे. घरातही तेच रुळले. खरे सांगायचे तर फोनवर आम्हीही त्याला ‘मो’च म्हणू लागलो होतो.

एका शनिवारी मुलगा म्हणाला, “चला, लुईव्हिलला जाऊन येऊ. मोटारीने दोन तासांचा रस्ता.” केंटकी राज्यात ओहायो नदीच्या काठी वसलेले हे शहर म्हणजे जगप्रसिद्ध मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांचे गाव.

आधी ग्रँड अव्हेन्यूवर गेलो. साध्या वस्तीतले छोटेसे गुलाबी घर. १७ जानेवारी १९४२ रोजी जन्मलेला कॅशियस मार्सेलस क्ले इथेच लहानाचा मोठा झाला. वडील दुकानांच्या पाट्या रंगवत, आई घरकाम करी. त्या काळी या गावात काळ्यांच्या शाळा वेगळ्या, उपाहारगृहे वेगळी. बारा वर्षांचा असताना त्याची सायकल चोरीला गेली. चोराला बडवून काढीन, असे तो एका पोलिसाला रागाने म्हणाला. तो पोलीस मुलांना मुष्टियुद्ध शिकवीत असे. त्याने सांगितले, आधी लढायला तर शीक! सहा वर्षांनी, १९६० साली, त्या मुलाने रोम ऑलिंपिकचे सुवर्णपदक गावी आणले.

नदीजवळ त्यांच्या नावाचे मोठे संग्रहालय आहे. २००५ साली उघडलेले. तिथे हातमोजे आणि छायाचित्रे आहेतच. पण आम्ही थबकलो ते नावाच्या गोष्टीपाशी. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीचला सनी लिस्टनला हरवून हा बावीस वर्षांचा तरुण जगज्जेता झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने आपण मुसलमान असल्याचे जाहीर केले. मार्चमध्ये मुहम्मद अली हे नाव मिळाले. जुने नाव गुलामीचे आहे, असे ते सांगत.

आपल्याला नाव सातव्या दिवशी, आई-बापांच्या मांडीवर मिळते. अलींना त्याची किंमत मोजावी लागली. अनेक वृत्तपत्रे कित्येक वर्षे ‘क्ले’च छापत राहिली. १९६७ साली एर्नी टेरेल या प्रतिस्पर्ध्याने नवे नाव घेण्याचे टाळले, तेव्हा अली रिंगणात त्याला ठोसे मारीत विचारत राहिले, “माझे नाव काय?” तो राग होता, आदर्श नव्हे, पण त्यामागची जखम समजते. त्याच वर्षी त्यांनी धर्माचे कारण देऊन व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला. किताब गेला. पाच वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. तुरुंगात जावे लागले नाही, पण ऐन उमेदीची तीन-साडेतीन वर्षे लढता आले नाही. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

एक गोष्ट वाचकांना सांगायला हवी. ज्या ‘नेशन ऑफ इस्लाम’ संघटनेने हे नाव दिले, तिच्या काही समजुती इस्लामच्या मूळ शिकवणीशी जुळत नव्हत्या. गोऱ्या वंशालाच ती सैतानी मानी. अलींनी १९७२ साली हज केला आणि १९७५ नंतर ते सर्व माणसांना समान मानणाऱ्या सुन्नी इस्लामकडे वळले. म्हणजे नाव आधी मिळाले. त्याचा अर्थ उमगायला अकरा वर्षे लागली. पुढे हॉलिवूडच्या पदपथावर त्यांच्या नावाची चांदणी बसवायची ठरली, तेव्हा मुहम्मद (स.) हे प्रेषितांचे नाव लोकांच्या पायाखाली येऊ नये, असे ते म्हणाले. ती चांदणी भिंतीवर लावली गेली.

दुपारी केव्ह हिल कब्रस्तानात गेलो. ३ जून २०१६ रोजी अलींचे निधन झाले. जनाज्याची नमाज गावातल्या फ्रीडम हॉलमध्ये झाली. १९६० साली ते पहिला व्यावसायिक सामना याच सभागृहात लढले होते. कबरीपाशी आम्ही फातेहा पढलो. नातू दगडावरचे नाव वाचत होता.

“दादी, लोक चुकीचे नाव घ्यायचे तेव्हा हे कंटाळले नाहीत?”

“कंटाळले असतील, बेटा. पण सांगायचे सोडले नाही.”

परतताना मनात आले, मुलाला दोष कशाला द्यायचा? त्याचे नाव आखूड करण्यात आमचाही हात होताच. नाव ठेवणे सोपे. त्यामागची गोष्ट मुलांना सांगणे हे आपले काम, आणि तेच राहून जाते.

त्या रात्री इशाच्या नमाजसाठी आम्ही त्याला हाक मारली, “मुहम्मद!” क्षणभर त्याने वळून पाहिले, हसला, आणि आमच्या शेजारी येऊन उभा राहिला.