भिंतीवरची काच

सुरतेस तापी ओलांडून अडाजणच्या बाजूस गेले की उंच इमारतींच्या आड जुनी बैठी घरे अजून दिसतात. आयुष्यभराच्या शिलकीतून त्यांतलेच एखादे घ्यावे, या विचाराने गेल्या वैशाखात आम्ही सपत्नीक एक घर पाहावयास गेलो. घरधनी वृद्ध गृहस्थ. मुले परदेशी स्थायिक झालेली. अंगणातील तुळशीवृंदावन पाहताच सौ.चे मन तेथे जडले.

मागील खोलीत मात्र खिडकीच्या कोपऱ्यापासून छताकडे तिरपी चढत गेलेली एक भेग आमच्या दृष्टीस पडली. "ए तो प्लास्टरनी तिराड छे, साहेब," यजमान म्हणाले. भेग नुसत्या गिलाव्याची असती तर भिण्याचे कारण नव्हते. केसासारख्या बारीक, जाळीदार चिरा कोणत्या घरात नसतात? परंतु ही विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी गेलेली, वर रुंद व खाली अरुंद होती, आणि भिंतीच्या बाहेरील अंगासही तशीच उमटली होती. कोपरा खचत असल्याची ही खूण. इकडील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला की घरही तिच्यासवे हलते. शिवाय सुरतेच्या घरांनी सोसले आहे तेही थोडे नाही. २६ जानेवारी २००१ चा भूकंप कच्छचा खरा, पण तीनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या या शहरातही इमारती कोसळल्या. आणि ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचे पाणी सोडावे लागले तेव्हा बहुतेक शहर जलमय झाले होते.

प्रश्न एवढाच, की भेग जुनी होऊन निजली आहे की अद्याप जागी आहे? उधन्याचा आमच्या परिचयाचा एक खानदेशी गवंडी म्हणाला, "गुरुजी, एक पावसाळा जाऊ द्या." यजमानांच्या संमतीने त्याने गिलावा खरवडला, भेगेवर काचेची पट्टी आडवी धरून तिची दोन्ही टोके प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की केली व शेजारी तारीख लिहिली. भिंत किंचित जरी सरकली तरी काच तडकते.

गणपती विसर्जनानंतर आम्ही पुन्हा गेलो. काच मधोमध दुभंगली होती. यजमानांनी ती आमच्या आधीच पाहिली असणार. तरीही त्यांनी ती बदलली नव्हती. या सचोटीने आम्ही थोडे ओशाळलो. पायाच्या दुरुस्तीचा अंदाज इंजिनियरकडून काढवून ती रक्कम किमतीतून वजा करावी, असे आम्ही सुचविले. मुलांना विचारून कळवितो, असे ते म्हणाले. त्यांचा निरोप अद्याप यावयाचा आहे.