उडणे आणि उडी मारणे

काही वर्षांपूर्वी वर्गात एका ललित लेखाचे विवेचन करताना आम्ही सहज सांगून गेलो होतो, ‘शेकरू म्हणजे उडणारी खार.’ मागच्या बाकावरची आंबेगाव तालुक्यातली एक मुलगी उभी राहून म्हणाली, ‘सर, शेकरू उडत नाही, उडी मारतं.’ वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि पान उलटले. ते हसू पुढे कितीतरी दिवस सलत राहिले.

गेल्या मार्गशीर्षात खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकर चढायला निघालो, ते काहीसे त्या ऋणातून मुक्त होण्यासाठी. शिडी घाट जवळचा. पण गुडघ्यांनी लांबची वाट पसंत केली. उजाडता उजाडता पदरगड डोक्यावर आला. पदरवाडीच्या पठारावर चहा घेतला, तेव्हा आकाशात सर्पगरुड शीळ घालीत घिरट्या घेत होता. तिथून पुढे ऊन संपले आणि रान सुरू झाले.

सोबतच्या वाटाड्याने जांभळीच्या शेंड्याकडे बोट केले. बारीक फांद्यांच्या बेचक्यात काटक्यापानांचा गोळा होता. आम्ही अधिकारवाणीने म्हणालो, ‘घारीचं घरटं.’ ‘नाही दादा, शेकराचं. एकाची अशी चार-पाच असतात.’ दिवसातली ही आमची दुसरी चूक. पहिली, रानात शिरल्यापासून अखंड बोलत होतो, ही.

मग गप्प बसलो. बराच वेळ काही घडले नाही. आणि एकाएकी वरून खडखडाटासारखा आवाज आला. तांबूस पाठ, फिकट पोट, अंगाहून लांब झुपकेदार शेपूट. ते फांदीच्या टोकापर्यंत धावले, क्षणभर थांबले, समोरच्या झाडाचे अंतर जोखले आणि झेपावले. फांदी खाली वाकली, पाने थरथरली, तोल सावरला गेला. पुन्हा सगळे स्थिर.

उडणारी खार निराळी. ती निशाचर; पायांमधल्या कातडीच्या पडद्यावर तरंगत उतरते. शेकरू दिवसाचे, त्याला पडदा नाही. त्याच्यापाशी आहे ते केवळ अंतराचे अचूक भान. झाडांची माथी एकमेकांना भिडलेली असली, तरच त्याचे जग सलग राहते. मधले एक झाड तुटले, की उडीला तीर उरत नाही. १९८५ साली हे रान अभयारण्य झाले, त्याचा अर्थ आम्हाला त्या वाकलेल्या फांदीने सांगितला.

तिन्हीसांजेला देवळापाशी पोहोचलो, तेव्हा पाय बोलत होते. मंचरकडे जाणाऱ्या एसटीत मनात आले, त्या मुलीने आमचा एक शब्द दुरुस्त केला नव्हता. पाहिल्यावाचून बोलण्याची आमची सवय दाखवून दिली होती. ती आज कुठे आहे, ठाऊक नाही. पुढच्या वर्षी तो लेख शिकवताना मात्र तिचे वाक्य तिचे म्हणूनच सांगायचे, एवढे ठरवले आहे.