बटण

थर्ड इयरचं सबमिशन कसंबसं उरकून घरी गेलो, तर दुसऱ्याच दिवशी बाबांबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात. बाबा दुधाचा टेम्पो चालवतात. चष्म्याचा नंबर काढायला गेले होते, डॉक्टरांनी डोळ्यातलं प्रेशर बघितलं, मागची नस बघितली आणि काचबिंदूचा संशय म्हणून फील्ड टेस्ट लिहून दिली.

अंधारी खोली. बाबांचा एक डोळा झाकला, हनुवटी टेकवली. समोर मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं मशीन. नजर मधल्या दिव्यावर ठेवायची आणि बाजूला कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. अशा 54 जागा. ठिपका दिसला तर त्या जागी पुढचा आणखी मंद, नाही दिसला तर प्रखर. आणि रिझल्ट चक्क डेसिबलमध्ये! आपण आपले अँप्लिफायरचे गेन काढत बसतो. इथे 0 म्हणजे मशीनचा सगळ्यात प्रखर ठिपका, आणि दर 10 डेसिबलला प्रकाश दहापट कमी. म्हणजे आकडा मोठा तेवढा डोळा चांगला.

बाबा टकाटक बटण दाबत सुटले. मी मनात म्हटलं, वा!

रिपोर्ट बाद. ठिपका दिसणं शक्यच नव्हतं तेव्हाही बटण दाबलेलं मशीनने पकडलं होतं. "काका, दिसलं तरच दाबा हो," टेक्निशियन ताई म्हणाल्या. "थोडं थांबून पुन्हा करू."

बाहेर टपरीवर चहा घेताना बाबा म्हणाले, "नापास झालो तर गाडी कोण चालवणार? तुझी फी?" मी काय बोलणार? व्हायवाला मीही असेच ठोकून देतो.

दुसऱ्यांदा त्यांनी खरं खरं दाबलं. मधे मधे बराच वेळ बटण वाजायचंच नाही. त्या शांततेत मला घाम फुटला.

उजव्या डोळ्याच्या कागदावर वरच्या बाजूला नाकाकडे काळा पट्टा आला. "पण मला तर कुठे काळं दिसत नाही," बाबा म्हणाले. डॉक्टर म्हणाले, दिसणारच नाही. मेंदू ती जागा भरून काढतो, शिवाय दुसरा डोळा सांभाळून घेतो. गेलेलं परत येत नाही; उरलेलं टिकवायला रोज थेंब, आणि काळं वाढतंय का हे बघायला पुन्हा पुन्हा हीच टेस्ट. मग माझ्याकडे बघून, "हे घराण्यात असतं. तूही तपासून घे."

बाहेर आल्यावर बाबांनी काही न बोलता टेम्पोची किल्ली माझ्या हातात दिली. माझं लायसन्स होस्टेलवर, कपाटात. टेम्पो तिथेच ठेवून आम्ही दोघं एसटीने घरी आलो.