मेवाडची मक्की

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी, हिवाळ्यात, आम्ही उभयतांनी उदयपूरहून ऋषभदेवची यात्रा केली. परतीच्या वाटेवर एका खेड्यात माझ्या जुन्या सहकाऱ्याचे घर होते. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून वहिनींनी चूल लवकर पेटवली होती. ताटात मक्याची जाड, पिवळी रोटी, उडदाची डाळ, गूळ आणि तूप होते. मी सहज विचारले, "गव्हाची पोळी नाही का?" वहिनी काही न बोलता उठल्या आणि शेजारून गव्हाचे पीठ मागून घेऊन आल्या.

या प्रश्नाचे मूळ माझ्या नोकरीत होते. बेळगाव जिल्ह्यातील शाखेत असताना शेतकऱ्यांच्या पीककर्जाच्या अर्जांत 'गोविनजोळ' हे नाव नेहमी येई. गोविनजोळ म्हणजे गाईची ज्वारी. त्या नावावरूनच मक्याला मी जनावरांच्या खाद्यात जमा करून टाकले होते.

वास्तविक हे धान्य सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोत तेओसिंते नावाच्या रानगवतापासून माणसाने स्वतःच्या अन्नासाठी घडवले. कॅरिबियन बेटांवरील ताईनो लोकांच्या 'महिझ' या शब्दावरून स्पॅनिश 'माईझ' आला. पुढे जिथे हे धान्य गेले, तिथे लोकांनी त्याला परक्याचे नाव दिले. इटलीत ते 'ग्रानोतुर्को', म्हणजे तुर्की धान्य, झाले. खुद्द तुर्कस्तानात त्याला 'मिसिर' म्हणतात, आणि मिसिर हेच तिथे इजिप्तचेही नाव आहे. दक्षिणेत आपल्या ओळखीच्या ज्वारीचे नाव त्याला जोडले गेले; कन्नडमध्ये 'मेक्केजोळ', तमिळमध्ये 'मक्काचोळम'. मेवाडात मात्र ते केवळ 'मक्की' आहे. तिथल्या डोंगराळ, खडकाळ जमिनीत पावसाळ्यात पिकणाऱ्या या धान्यावर घरेच्या घरे जगत आली आहेत. रोटीखेरीज ताकात शिजवलेली राबही तिचीच.

वहिनी पोळ्या लाटत असताना मी त्यांचे आधीचे काम आठवत होतो. मक्याच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते कोमट पाण्यात मळून प्रत्येक रोटी तळहातांवर थापावी लागते, कडा फाटू न देता. एवढे कष्ट मी एका प्रश्नात बाजूला सारले होते.

गव्हाच्या पोळ्या त्या घरातील मुलांनी आनंदाने खाल्ल्या. मी मक्याची रोटी संपवली आणि दुसरी मागून घेतली. क्षमा मागण्याचा तेवढाच मार्ग मला सुचला. वहिनींनी हसून तिच्यावर तुपाची धार धरली.