काडीमोडीची गाणी

बदलीच्या नोकरीत उमर गेल्यामुळे विरहाच्या बाबतीत आम्ही स्वतःस जाणकार समजत होतो. मुलांच्या शाळेपायी सौ. पुण्यास आणि आम्ही परमुलखात, अशी सहा वर्षे काढलेली. त्या दिवसांत ज्ञानदेवांच्या विरहिण्यांनी आणि होनाजीच्या लावण्यांनी आम्हांस सोबत केली. परंतु गेल्या आषाढात आमची कन्या सासर कायमचे सोडून बंगळूरच्या आमच्या सरकारी बिऱ्हाडी आली, आणि आमच्या संग्रहातले एकही गाणे तिच्या उपयोगी पडेना. विरहिणीला वाट पाहावयाची असते. हिला कोणाचीच वाट पाहावयाची नव्हती.

तिच्या सामानात चर्च स्ट्रीटवर कधीतरी घेतलेली एक तबकडी होती. अमेरिकन गायक बॉब डिलन यांची, २० जानेवारी १९७५ रोजी प्रसिद्ध झालेली 'ब्लड ऑन द ट्रॅक्स'. दहा गाणी, बहुतेक ताटातुटीची. ती आपल्या संसारावरची नव्हेत, असे डिलन यांनी पुढे सांगितले. श्रोत्यांनी ते मानले नाही. १९७७ साली त्यांचा घटस्फोट झाला.

रविवारी आमच्याकडे दोन-तीन मराठी बिऱ्हाडे जमतात. कन्येच्या आग्रहाखातर त्या मंडळींनी ती तबकडी ऐकली. प्रथम आवाज कोणासच रुचला नाही. गृहस्थांना पडसे झाले असावे, असे एक मत पडले. दुसऱ्या खेपेस मात्र कोणी चहाची बशीही वाजविली नाही.

आम्हांस एकच प्रश्न पडला होता, आणि तोच आम्ही महिनाभर कन्येस विचारीत होतो : चूक कोणाची? चौकशी अधिकाऱ्याची खोड, दुसरे काय! तिने उत्तर दिले नाही, तेव्हा आम्ही तबकडीचीच चौकशी आरंभिली. गाणी सप्टेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झाली होती. डिसेंबरअखेर डिलन यांनी त्यांपैकी पाच मिनीॲपोलिसला पुन्हा गायिली. तेथल्या वादकांची नावे वेष्टनावर आली नाहीत, कारण वेष्टने आधीच छापून झाली होती. (टिपण आपले आणि सही वरिष्ठांची, हे ज्यांनी भोगले आहे त्यांस अधिक सांगणे नलगे.) पहिल्या गाण्याच्या न्यूयॉर्कच्या पाठात नायक सुरुवातीस 'तो' आहे, नव्या पाठात त्याचा 'मी' झाला. साक्षीदाराने आपण होऊन आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहावे, तसे हे झाले. दुसऱ्या एका गाण्यात तो तिला नाही नाही ते बोलतो, आणि शेवटच्या ध्रुपदात 'तू'चे 'आपण' करून तोच शब्द स्वतःवरही घेतो. आमच्या चौकशीच्या कागदांत असा रकानाच नव्हता.

असल्या वेदनेत लोकांना आनंद कसा वाटतो हे आपणांस कळत नाही, असे डिलन १९७५ मध्ये रेडिओवर मेरी ट्रॅव्हर्स यांच्याशी बोलताना म्हणाले. विदर्भातल्या भवभूतीस हे कोडे पडले नसते. 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकात पंचवटीत राम विलाप करतो, आणि त्यानेच टाकलेली सीता अदृश्य राहून तो ऐकते. अश्वमेधासाठी त्याने आपलीच सुवर्णप्रतिमा केली आहे हे कानी पडते, तेव्हा तिचे परित्यागाचे शल्य निघते. तोवर तिने त्याला एकही प्रश्न विचारलेला नसतो.

गेल्या रविवारी मंडळी उठून गेली. बाहेर पाऊस लागला होता. कन्या भांडी आवरता आवरता म्हणाली, "बाबा, आज तुम्ही काही विचारले नाहीत."

"दुसरी बाजू राहिली आहे," आम्ही म्हणालो, आणि तबकडी उलटून ठेविली.